संगणकावरचा रिदम गेम पीएसपीवर कसा आणावा

रिदम गेम (गाण्याच्या ठेक्यावर बटणे दाबायचा खेळ) दुसऱ्या यंत्रावर नेणे म्हणजे चित्रे लहान करणे आणि बटणांची नावे बदलणे, असा नवशिक्यांचा समज असतो. त्या समजुतीने केलेला पोर्ट, म्हणजे नव्या यंत्रासाठीची आवृत्ती, चालू तर होतो, पण खेळता येत नाही. पडद्यावरच्या नोट्स, म्हणजे बटण कधी दाबायचे ते दाखवणाऱ्या खुणा, ठेक्याच्या किंचित आधी किंवा नंतर येतात, अंगठे एकमेकांच्या वाटेत येतात आणि वेळेवर दाबलेले बटण चुकीचे ठरते. या प्रकारच्या खेळात गाण्याचे घड्याळ आणि खेळणाऱ्याचे दोन अंगठे यांवरच सगळा डोलारा उभा असतो. म्हणून कामाचा क्रमही तसाच लावावा. चित्रांकडे शेवटी वळले तरी काही बिघडत नाही.

पुढचे विवेचन अशा वाचकासाठी आहे, ज्याला सी किंवा सी प्लस प्लस या भाषेत साधा प्रोग्राम लिहिता येतो, ज्याच्याकडे स्वतः लिहिलेला किंवा मुक्त परवान्याचा एखादा रिदम गेम आहे आणि ज्याला तो हातात धरून खेळायच्या कन्सोलवर पहिल्यांदाच न्यायचा आहे.

पायरी १ : यंत्र आणि साधने

उदाहरणासाठी मी सोनीचा पीएसपी घेतला आहे. तो डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आला. आता त्याचे उत्पादन बंद आहे, पण जुन्या वस्तूंच्या बाजारात तो अजून मिळतो. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा जवळजवळ संगणकच आहे, त्यामुळे त्यावर ढिसाळ कामही खपून जाते. निन्टेन्डो स्विचसाठी कंपनीकडे विकसक म्हणून नोंदणी करून मंजुरी घ्यावी लागते, म्हणून पहिल्या प्रयत्नाला तो सोयीचा नाही. पीएसपीची मर्यादा मात्र शिकवणारी आहे. त्याचा पडदा ४८०×२७२ पिक्सेलचा आहे, प्रोसेसर जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झने चालतो आणि पहिल्या मॉडेलमध्ये ३२ एमबी मेमरी आहे, त्यातली सुमारे २४ एमबीच आपल्या प्रोग्रामच्या वाट्याला येते. २००० मालिकेपासून मेमरी ६४ एमबी झाली. तरीही २४ एमबीत मावेल असेच काम करावे, म्हणजे कोणाकडे कोणते मॉडेल आहे याची चिंता उरत नाही.

पीएसपीडेव्ह हा हौशी मंडळींनी उभा केलेला विनामूल्य साधनसंच लिनक्स आणि मॅकवर थेट चालतो, तर विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली बसवून चालवता येतो. त्यात चित्र, आवाज आणि बटणे हाताळणारी एसडीएल २ ही लायब्ररीही आहे. तुमचा मूळ खेळ एसडीएलवर बेतलेला असेल तर बराचसा कोड जसाच्या तसा वापरता येईल. रोजची तपासणी पीपीएसएसपीपी या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर पीएसपीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, करावी. खऱ्या यंत्रावर स्वतःचा प्रोग्राम चालवायला मात्र कस्टम फर्मवेअर (सोनीच्या मूळ प्रणालीऐवजी बसवायची हौशी मंडळींची बदललेली प्रणाली) लागते, आणि ते बसवण्याआधी आपल्या मॉडेलसाठी कोणते चालते हे नीट पाहून घ्यावे. जुना पीएसपी विकत घेताना मागचे झाकण उघडून बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पायरी २ : आधी हात, मग कोड

संगणकावर चार पट्ट्यांचा खेळ (प्रत्येक पट्टी म्हणजे नोट्स येण्याची एक वाट आणि तिचे एक बटण) चार बोटांनी खेळला जातो. हातातल्या यंत्रावर बाकीची बोटे यंत्र धरण्यात गुंतलेली असतात आणि खेळायला उरतात दोन अंगठे, शिवाय वरच्या कडेच्या दोन बटणांपुरत्या दोन तर्जनी. हा फरक कसा हाताळावा याची उत्तरे याआधी अनेकांनी शोधली आहेत, आणि ती अभ्यासण्यासारखी आहेत.

गिटार हीरो या रिदम गेमचा निन्टेन्डो डीएस या हातातल्या कन्सोलवरचा अवतार, ऑन टूर, २००८ मध्ये आला. मोठ्या खेळातल्या गिटारला पाच रंगीत बटणे होती. इथे चार बटणांची एक मूठ डीएसच्या गेम बॉय ॲडव्हान्स खाचेत बसवायची, यंत्र पुस्तकासारखे उभे धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या पिकने स्पर्शपडद्यावर तार छेडायची, अशी रचना होती. कल्पना धाडसी होती, पण मनगट अवघडते अशी तक्रार अनेक समीक्षकांनी केली. शिवाय पुढच्या डीएसआयमध्ये ती खाचच नव्हती, त्यामुळे मूठ तिथे बसेना. नवशिक्याने जोडउपकरणाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॉक बँड अनप्लग्डने २००९ मध्ये पीएसपीवर वेगळी वाट धरली. त्याने खोटी गिटार आणि ड्रम सोडून दिले आणि हार्मोनिक्स या त्याच कंपनीच्या फ्रीक्वेन्सी (२००१) व ॲम्प्लिट्यूड (२००३) या जुन्या खेळांची पद्धत परत आणली: एका वाद्याचा तुकडा बरोबर वाजवला की ते वाद्य काही काळ आपोआप चालू राहते, आणि खेळणारा कडेच्या बटणांनी दुसऱ्या वाद्याकडे वळतो. चार पट्ट्यांसाठी डावा बाण, वरचा बाण, त्रिकोण आणि वर्तुळ ही बटणे घेतली होती. ही निवड पीएसपी हातात घेऊन पाहिली की पटते. डावा आणि वरचा बाण शेजारी असल्यामुळे एकाच अंगठ्याने तिरके दाबून दोन्ही एकदम लागतात; त्रिकोण आणि वर्तुळ यांचेही तसेच. त्याऐवजी डावा आणि उजवा बाण घेतले असते, तर ते दोन्ही एकाच वेळी दाबणे डी-पॅडच्या (चार बाणांच्या एकसंध बटणाच्या) घडणीमुळेच अशक्य ठरले असते.

तिसरे उदाहरण २००५ मधल्या डीएसवरच्या ओएन्दान या खेळाचे. त्यात पट्ट्याच नाहीत. पडद्यावर जागोजागी वर्तुळे उमटतात, त्यांच्याभोवतीचे कडे आकसत येते आणि ते मिळाले की स्टायलसने टेकायचे. यंत्राला स्पर्शपडदा आहे तर खेळच त्याभोवती रचावा, हा विचार इतका चालला की २००७ मध्ये आलेल्या ओसू या खेळाने तीच पद्धत उलट दिशेने संगणकावर नेली.

आता तुमच्या खेळाकडे वळू. कोडची एक ओळही लिहिण्याआधी बंद असलेला पीएसपी हातात धरा, कानात हेडफोन घाला आणि गाणे ऐकत जी बटणे वापरायचा विचार आहे तीच दाबून पाहा. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) गाण्यात एका ठोक्याचे चार भाग केले, तर सेकंदाला ८ नोट्स होतात. त्या सगळ्या एका अंगठ्याच्या वाट्याला आल्या, तर बहुतेकांना दोन-चार मात्रांपलीकडे टिकत नाही. डाव्या-उजव्या अंगठ्यांत आलटून पालटून वाटल्या, तर प्रत्येकाला ४ येतात आणि तो वेग सहज सांभाळता येतो. याचा अर्थ मूळ चार्ट, म्हणजे कोणती नोट कधी आणि कोणत्या पट्टीवर येते याची मांडणी, तसाच उचलून चालत नाही, तो नव्याने लिहावा लागतो. भरधाव जागी नोट्स दोन्ही बाजूंना आळीपाळीने पडतील असे पाहावे. तीन नोट्स एकदम असतील तिथे दोनच ठेवाव्यात, आणि त्या शक्यतो वेगवेगळ्या अंगठ्यांवर पडाव्यात. पाच पट्ट्यांवरून चारवर येताना पाचवी पट्टी नुसती कापून टाकू नये. सुरावट चढत असेल तर नोट्सही उजवीकडे सरकाव्यात आणि उतरताना डावीकडे, म्हणजे कानाला जे ऐकू येते तेच बोटांना जाणवते.

आपल्याकडचे कोणी ढोल-ताशाच्या वादनावर खेळ रचू पाहील, त्याला हे विशेष लागू पडते. टिपरूने ढोलावर पडणारे ठोके मोजके आणि ठळक असतात, ते जसेच्या तसे नोट्स म्हणून घेता येतात. ताशाच्या काड्यांची बरसात मात्र एकेक करून नोंदवली तर ती कोणाही अंगठ्याला झेपणार नाही. तिथे फक्त जोरकस आघात नोट्स म्हणून ठेवावेत आणि मधला कडकडाट दाबून धरायच्या लांब नोटमध्ये बसवावा. ऐकणाऱ्याच्या मनात तसेही आघातच ठसतात.

पायरी ३ : गाण्यांचे हक्क

हे काम शेवटी करण्याची सवय वाईट आहे, कारण चार्ट लिहून झाल्यावर गाणे काढून टाकावे लागले तर सगळी मेहनत पाण्यात जाते. भारतीय कायद्यानुसार गीत आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. हे दोन हक्क वेगळे असतात. पारंपरिक अभंग किंवा लोकगीत मुक्त असले, तरी त्याचे कालपरवाचे ध्वनिमुद्रण मुक्त नसते. सर्वांत बिनघोर मार्ग म्हणजे ओळखीच्या वादकांकडून नवे ध्वनिमुद्रण करून घेणे आणि परवानगी लेखी ठेवणे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची गाणी घेताना ‘रूपांतरास मनाई’ हे कलम आहे का, ते पाहावे. हलत्या चित्राशी वेळ जुळवून वापरलेले संगीत त्या परवान्यांच्या व्याख्येत रूपांतरच ठरते, म्हणून अशी गाणी रिदम गेममध्ये घालता येत नाहीत. व्यावसायिक खेळांतून उपसलेली गाणी आणि चित्रे वापरू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

पायरी ४ : चार्टचे रूपांतर संगणकावरच उरकावे

स्टेपमॅनिया या मुक्त खेळाची एसएम धाटणीची फाईल हा या क्षेत्रातला सर्वांच्या ओळखीचा नमुना आहे. तिच्यात वरती गाण्याचा बीपीएम आणि सुरुवातीचा ऑफसेट (फाईलच्या आरंभापासून पहिल्या ठोक्यापर्यंतचे अंतर) असतो, आणि खाली प्रत्येक आवर्तनासाठी अंकांच्या ओळी असतात. चार पट्ट्यांच्या खेळात ‘१०००’ म्हणजे पहिल्या पट्टीवर साधी नोट, ‘०२००’ म्हणजे दुसऱ्या पट्टीवर दाबून धरायची सुरुवात, आणि पुढे कुठेतरी त्याच पट्टीवर ‘३’ आला की सोडायचे. एका आवर्तनात ४, ८, १६ अशा जितक्या ओळी, तितके त्याचे समान भाग. ही फाईल माणसाला वाचायला उत्तम आहे, पण पीएसपीवर ती गाणे सुरू होताना वाचून, तोडून, मोजत बसू नये. संगणकावर चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहावा, जो ती वाचून प्रत्येक नोटची वेळ, पट्टी आणि लांबी एवढेच असलेली आटोपशीर बायनरी फाईल तयार करील.

वेळ कोणत्या एककात लिहावी, इथे बरेच जण घसरतात. १७४ बीपीएमच्या गाण्यात एक ठोका ३४४.८२७६ मिलिसेकंदांचा होतो. तो ३४५ धरून बेरीज करत गेलात, तर तीन मिनिटांच्या गाण्यातल्या ५२२ ठोक्यांनंतर ९० मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे शेवटचे कडवे उघडउघड बेसूर वाटते. म्हणून प्रत्येक नोटची वेळ मागच्या नोटवरून न काढता गाण्याच्या आरंभापासून दशांशात काढावी आणि अगदी शेवटी एकदाच पूर्णांकात आणावी. तो पूर्णांक मिलिसेकंदांचा न ठेवता ध्वनीच्या सॅम्पलचा, म्हणजे ध्वनी ज्या सुट्या मापांच्या रूपात साठवतात त्यांचा, ठेवावा. गाणे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचे असेल, तर प्रत्येक नोट ‘अमुक क्रमांकाच्या सॅम्पलवर’ अशी नोंदवता येते. याचा उपयोग पुढच्याच पायरीत दिसेल.

मेट्रोनोम न लावता केलेल्या ध्वनिमुद्रणात लय स्थिर नसते. पथकाचे वादन रंगत जाते तशी गती चढत जाते, आणि ते स्वाभाविक आहे. अशा गाण्याला एकच बीपीएम लावायचा हट्ट धरू नये. ऑडॅसिटीसारख्या साधनात लहरीचे चित्र मोठे करून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर खूण करावी आणि दोन खुणांमधल्या अंतरावरून त्या आवर्तनाचा बीपीएम काढावा. काम वेळखाऊ आहे, पण त्याला दुसरा पर्याय नाही. आपोआप बीपीएम ओळखणारी साधने अशा वादनात अनेकदा दुप्पट किंवा निम्मी गती सांगून मोकळी होतात.

पायरी ५ : गाण्याचे घड्याळ

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

यंत्रात वेळ मोजायच्या तीन जागा असतात: पडद्याच्या फ्रेमची गणती, यंत्राचे स्वतःचे घड्याळ आणि ध्वनी किती वाजला याची गणती. बहुतेक पहिले पोर्ट फ्रेम मोजतात, कारण ते सोपे पडते. पीएसपीचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो असे आपण बोलताना म्हणतो, पण खरा आकडा ५९.९४ च्या आसपास आहे. ६० धरून हिशेब केला, तर तीन मिनिटांत सुमारे १८० मिलिसेकंदांची तफावत पडते. त्यात एखादी फ्रेम वेळेत तयार झाली नाही की ती चूक कायमची जमा होते. यंत्राचे घड्याळ त्यापेक्षा बरे, परंतु मेमरी स्टिकवरून (पीएसपीच्या मेमरी कार्डावरून) वाचताना आवाज क्षणभर अडकला, तर गाणे थांबते आणि घड्याळ पुढे जाते. खेळणारा ऐकतो ते गाणे, म्हणून खरे घड्याळही गाण्याचेच असले पाहिजे.

ते असे मिळवावे. आवाजासाठी एक वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्येच समांतर चालणारे वेगळे काम) ठेवा, जो सॅम्पलचे ठोकळे एकामागून एक यंत्राला देत राहील. आतापर्यंत दिलेल्या सॅम्पलची बेरीज करा, त्यातून अजून रांगेत असलेले, म्हणजे वाजायचे बाकी असलेले सॅम्पल वजा करा; उरले ते गाण्याचे सध्याचे स्थान. नोट्सच्या वेळाही सॅम्पलमध्येच असल्यामुळे तुलना थेट होते, मध्ये रूपांतर नाही आणि त्यातली चूकही नाही.

एवढ्यावर थांबलात तर एक नवीच अडचण दिसेल. ठोकळा १,०२४ सॅम्पलचा असेल तर तो २३.२ मिलिसेकंदांचा होतो, आणि तुमचे स्थान तेवढ्याच टप्प्यांनी उड्या मारते. पडदा मात्र दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र मागतो. परिणामी काही फ्रेममध्ये नोट हलतच नाही आणि बाकीच्या फ्रेममध्ये गरजेपेक्षा जास्त सरकते. डोळ्याला ते थरथरणे लगेच कळते. उपाय असा की प्रत्येक ठोकळा दिला त्या क्षणी यंत्राच्या घड्याळाची वेळ टिपून ठेवावी, आणि चित्र काढताना ‘शेवटचे माहीत असलेले स्थान अधिक त्यानंतर गेलेला वेळ’ असा हिशेब करावा. या अंदाजाला एका ठोकळ्याची कमाल मर्यादा घालावी, म्हणजे आवाज अडकला तर नोट्सही अडकतील. अंदाज आणि प्रत्यक्ष स्थान यांत थोडा फरक पडला तर तो पुढच्या काही फ्रेममध्ये हळूहळू मिटवावा, पण नोट मागे जाताना कधीही दिसू देऊ नये.

ठोकळा केवढा असावा? ५१२ सॅम्पलचा घेतला तर विलंब ११.६ मिलिसेकंदांवर येतो, पण थ्रेडला जास्त वेळा जागे व्हावे लागते आणि जरा उशीर झाला की आवाज तुटतो. २,०४८ घेतला तर आवाज निर्धोक चालतो, पण बटण दाबल्यावर वाजायचा टाळीचा आवाज ४६ मिलिसेकंदांनी मागे पडतो आणि खेळणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. १,०२४ पासून सुरुवात करून खऱ्या यंत्रावर खाली उतरत जावे, हे बरे.

पायरी ६ : ध्वनीची फाईल

न दाबलेला स्टीरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. तीन मिनिटांचे गाणे म्हणजे ३० एमबीहून अधिक, आणि आपल्याकडे आहेत २४. तेव्हा गाणे दाबलेल्या स्वरूपात ठेवून वाजता वाजता उलगडावे लागते. मेमरी स्टिकवरून वाचण्यासाठी आणखी एक थ्रेड ठेवावा आणि तो नेहमी एक-दोन सेकंद पुढचा मजकूर बफरमध्ये भरून ठेवील अशी व्यवस्था करावी.

स्वरूप निवडताना एमपी३ सर्वांच्या हाताशी असते, पण त्यात एक खोच आहे. एमपी३ तयार करताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप मिसळली जाते. लेम या प्रचलित एन्कोडरमध्ये ती ५७६ सॅम्पलची असते आणि उलगडणारा डिकोडर आणखी ५२९ सॅम्पल वाढवतो. दोन्ही मिळून १,१०५, म्हणजे २५ मिलिसेकंद. चार्ट मूळ वेव्ह फाईलवर लिहिला आणि खेळात एमपी३ घातले, की गाणे तेवढे मागे सरकते आणि कारण सापडत नाही. काही डिकोडर ही शांतता स्वतःच कापतात, काही कापत नाहीत, त्यामुळे एकाच फाईलचे संगणकावर एक आणि पीएसपीवर दुसरे वर्तन दिसू शकते. ऑग व्हॉर्बिसमध्ये ही भानगड नाही, म्हणून मी तेच सुचवीन. प्रोसेसर मूळच्या २२२ मेगाहर्ट्झवर चालत असताना उलगडायला जड जात असेल, तर प्रोग्राममधूनच त्याचा वेग वाढवता येतो; अर्थात बॅटरी तेवढी लवकर उतरते.

पायरी ७ : आडवा पडदा

आता चित्रे. संगणकावरच्या खेळात नोट्स वरून खाली येतात, आणि पीएसपीवरही तसेच ठेवावे असे वाटते. आधी हिशेब करून पाहू. गुणसंख्येची पट्टी वगळता २३२ पिक्सेलची उंची उरली आणि नोट दिसल्यापासून दाबायच्या रेषेपर्यंत १.२ सेकंद घेते असे धरले, तर १८० बीपीएमच्या गाण्यात पाव ठोक्याच्या अंतरावरच्या दोन नोट्समध्ये १६ पिक्सेल येतात. नोटचे चित्रच १२ पिक्सेलचे असेल तर मध्ये फट राहते ४ पिक्सेलची. त्याच नोट्स उजवीकडून डावीकडे सरकवल्या आणि रुंदीतले ४०० पिक्सेल वापरले, तर तेच अंतर जवळपास २८ पिक्सेल होते. तायको धाटणीचे, म्हणजे जपानी ढोल वाजवायचे, खेळ आडवे असतात आणि रुंद पडद्यावर छान दिसतात, त्याचे हेच गणित आहे.

उभी मांडणी सोडायचीच नसेल, तर नोट्सचा वेग वाढवून दिसण्याचा अवधी ०.८ सेकंदांवर आणता येईल. सरावलेल्या खेळाडूला ते आवडते, नवख्याला मात्र विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून वेगाचा पर्याय मेनूमध्ये द्यावा आणि मूळ मांडणी मंद ठेवावी.

पट्ट्यांचा फरक केवळ रंगाने दाखवू नये. हे यंत्र उन्हात, गाडीत, मंद प्रकाशात कुठेही उघडले जाते, शिवाय लाल-हिरव्यातला भेद अनेकांना दिसत नाही. बाण, त्रिकोण, वर्तुळ हे आकार बटणांवर आहेतच. तेच नोट्सवर काढावेत. पीएसपीच्या पहिल्या मॉडेलचा पडदा हलत्या चित्रामागे धूसर सावली सोडतो, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर झगझगीत पांढऱ्या नोट्सपेक्षा मध्यम करड्या पार्श्वभूमीवरच्या नोट्स अधिक स्वच्छ दिसतात. मागे चालणारी नाचणारी पात्रे, व्हिडिओ, ठिणग्या यांतले काय ठेवायचे हे फ्रेम वेळेत तयार होते की नाही यावर ठरवावे. मला विचाराल तर व्हिडिओ पहिल्या फेरीतच काढून टाकावा.

पायरी ८ : बरोबर आणि चूक ठरवणे

स्टेपमॅनियात मूळ सेटिंगनुसार सर्वोत्तम दर्जासाठी नोटच्या अलीकडे-पलीकडे २२.५ मिलिसेकंद, त्याखालच्या दर्जासाठी ४५, मग ९०, १३५ आणि १८० अशी मुभा असते. हे आकडे तसेच उचलण्याआधी बटण कधी वाचले जाते ते पाहावे. दर फ्रेमला एकदाच वाचले तर प्रत्येक दाबण्याची नोंद १६.७ मिलिसेकंदांपर्यंत उशिरा होऊ शकते, आणि २२.५ ची मुभा त्यातच बरीचशी संपते. पीएसपीवर बटणे वाचण्याचा कालावधी साधारण ५.६ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येतो. वेगळ्या थ्रेडमध्ये बटणे वाचून प्रत्येक दाबण्यासोबत वेळ टिपावी आणि निकाल त्या वेळेवरून द्यावा. पडदा मग आपल्या गतीने चालू दे. हे जमत नसेल तर सर्वात कडक दर्जाची मुभा ३० ते ३५ पर्यंत सैल करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

राहिलेला विलंब मोजायला महागडे उपकरण लागत नाही. बटण दाबताच टाळी वाजवणारा एक छोटा चाचणी प्रोग्राम लिहा, पीएसपीच्या स्पीकरजवळ फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा आणि बटण जरा जोराने दाबा. ध्वनिमुद्रण ऑडॅसिटीत उघडले की आधी बटणाच्या खटक्याची बारीक लहर आणि नंतर टाळीची मोठी लहर दिसेल. त्या दोन्हींमधले अंतर म्हणजे बटणापासून कानापर्यंतचा पूर्ण विलंब. त्यातला आवाजाच्या रांगेचा वाटा तुम्हाला ठाऊक आहेच, उरलेला बटण वाचण्याचा.

खेळणाऱ्यासाठीही जुळणीचा पडदा ठेवावा: मेट्रोनोम वाजतो, तो ऐकून एक बटण दाबत राहायचे. पहिले काही ठोके सोडून द्यावेत, कारण माणूस लय पकडत असतो. नंतरच्या तीसेक फरकांची सरासरी न घेता मधली किंमत घ्यावी, म्हणजे एखादा भलताच चुकलेला ठोका निकाल बिघडवत नाही. हीच चाचणी एकदा आवाज बंद करून केवळ लुकलुकत्या ठिपक्याकडे पाहूनही करून घ्यावी आणि दोन आकडे वेगळे साठवावेत. कानाचा विलंब आणि डोळ्याचा विलंब एकच असतो असे गृहीत धरू नये. वायरच्या हेडफोनवर हे आकडे लहान येतात. पुढे हाच खेळ ब्लूटूथ असलेल्या यंत्रावर नेलात तर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा विलंबही दिसेल, आणि तेव्हा ही व्यवस्था आधीपासून असल्याचे समाधान वाटेल.

पायरी ९ : मध्येच थांबणे

हातातले यंत्र कोणीही, कधीही मिटून ठेवतो. पीएसपीची कळ सरकवली की प्रोग्राम जिथे असेल तिथे गोठतो, आणि जागे झाल्यावर उघडलेली फाईल पुन्हा उघडावी लागू शकते. झोपेची सूचना येताच गाणे थांबवून स्थान साठवावे. जागे झाल्यावर आपोआप सुरू न करता थांबा-पडदा दाखवावा. पुन्हा सुरू करताना मागच्या आवर्तनाच्या समेपासून गाणे वाजवावे आणि त्या आवर्तनातल्या नोट्स मोजणीत धरू नयेत, म्हणजे खेळणाऱ्याला लय पकडायला जागा मिळते. थांबल्याच्या नेमक्या जागेवरून सुरू झालेला रिदम गेम पहिल्या तीन नोट्स हमखास चुकवायला लावतो.

पायरी १० : तपासणी आणि वाटप

एम्युलेटरवर खेळ तंतोतंत जुळला म्हणजे तो जुळला असे समजू नये. पीपीएसएसपीपी संगणकाच्या किंवा फोनच्या ध्वनिव्यवस्थेतून आवाज काढतो आणि तिचा विलंब वेगळा असतो. प्रोग्राम कोसळतो का, मेनू चालतात का, चार्ट वाचला जातो का, एवढ्यासाठी एम्युलेटर वापरावा. वेळेविषयीचा प्रत्येक निर्णय खऱ्या यंत्रावर घ्यावा. शक्य असेल तर १००० आणि ३००० या दोन्ही मालिकांच्या यंत्रांवर खेळून पाहावे, कारण मेमरी आणि पडदा दोन्ही बदलतात. तुम्ही स्वतः चार्ट लिहिलेला असल्यामुळे तुमचे हात आता तपासणीच्या कामाचे राहिलेले नाहीत. ज्याने तो खेळ कधी पाहिला नाही अशा कोणाच्या तरी हातात यंत्र द्यावे, काही न सांगता बाजूला बसावे आणि तो यंत्र कसे धरतो, कोणत्या जागी पकड बदलतो, कोणत्या आवर्तनात वैतागतो ते टिपावे. एकाच जागी दोघे-तिघे अडखळले तर तिथला चार्ट बदलावा.

वाटपासाठी तयार झालेली ईबूट फाईल (पीएसपीवर चालणारा प्रोग्राम) एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि तो फोल्डर मेमरी स्टिकवरच्या पीएसपी फोल्डरातल्या गेम फोल्डरमध्ये टाकायचा, एवढीच प्रक्रिया आहे. गाणी आणि चार्ट ईबूटच्या आत न कोंबता शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवावेत, म्हणजे एखादे गाणे बदलताना सगळे पुन्हा बांधावे लागत नाही. प्रत्येक गाण्यासोबत हक्कधारकाचे नाव आणि परवाना लिहिलेली छोटी मजकूर फाईल असावी. जुळणीचे दोन आकडे गाण्यांच्या फोल्डरमध्ये न ठेवता सेव्हच्या फाईलमध्ये ठेवावेत, नाहीतर नवी गाणी टाकताना जुना फोल्डर पुसला की प्रत्येकाला जुळणी पुन्हा करत बसावी लागेल.